पेठेतली कुत्री भिंतीवर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात, राजवाड्याच्या वरच्या अंगाच्या पेठांमधल्या कुत्र्यांची चित्रं काढून आम्ही ती एका कंपाउंडच्या भिंतीवर लावतो. येता-जाता लोक थांबून जे विचारतात, त्यातलं नेहमीचं इथं लिहून ठेवलंय. काही उत्तरं लांबलीत. घाई असेल तर परवानगीचं आणि रंगांचं तेवढं वाचा, बाकीचं सवडीने.

नेमकं काय करता तुम्ही?

फूट बाय फूट प्लायची फळी आणि तिच्यावर एका कुत्र्याचा चेहरा. एक फळी, एक कुत्रं. चित्र त्या कुत्र्याला रोज बघणाऱ्या माणसाने काढायचं. त्याला ब्रश धरायचाच नसेल तर दुसऱ्याने काढावं, पण ओळखणाऱ्याने शेजारी बसून टोकायचं. फळ्या जमल्या की भिंतीवर पेठेच्या नकाशाप्रमाणे मांडतो. अजिंक्यताऱ्याकडच्या गल्ल्या वर, बाजाराकडच्या खाली. भिंत बघून कोणतं कुत्रं कुठलं ते कळायला हवं.

कुत्र्यांचीच का? साताऱ्यात थोर माणसं काय कमी आहेत?

कमी नाहीत, आणि त्यांना चौक, पुतळे आणि फ्लेक्सही कमी नाहीत. कुत्र्याचं मात्र साताऱ्याला नवल वाटायचं कारण नाही. संगम माहुलीला, जिथं कृष्णा आणि वेण्णा मिळतात, तिथं थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या शिकारीत त्याने भुंकून महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिली, अशी हकीकत. साताऱ्यात रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनेही ती नोंदवलीय. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, पण त्या काळातल्या कितीतरी कारभाऱ्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत, खंड्याचं आठवतं. नाव ठेवलेलं कुत्रं आणि 'एक कुत्रं' यात फरक पडतो, आमचं सगळं काम त्या फरकावर चाललंय.

भिंतीवर कुत्रं काढणं अशुभ नाही का?

दत्ताच्या तसबिरीत चार असतात. पालीच्या खंडोबाला जाणाऱ्या घरांत तर हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पाळलेलं कुत्रं चालेल का? आमचं लॅब्रेडॉर आहे.

चालेल, पण रांगेत नंबर मागचा. आधी गल्लीतली गावठी. पाळलेल्या कुत्र्यांचे फोटो, वाढदिवस, केक सगळं घरात होत असतं. टपाल खात्याने २००५ मध्ये कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात हिमालयन मेंढपाळी कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजपालयम होते. देशी खरे, पण सगळे जातिवंत. चहाच्या टपरीखाली झोपणाऱ्याला तिकीट नाही. त्याला आमच्याकडे फळी आहे.

मला चित्रातलं काही येत नाही. तरी येऊ का?

याच. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन नंतर पेन्सिलला हात न लावलेली माणसं आमच्याकडे जास्त आहेत आणि तेवढं पुष्कळ होतं. फोटोवर चौकटी आखायच्या, फळीवर तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेक चौकट उतरवायची. साइनबोर्ड रंगवणारे पेंटर पिढ्यानपिढ्या हेच करत आलेत. डोळे, नाक, कान यांच्या जागा बरोबर बसल्या की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं बघण्याचं आहे, आणि तिथं चित्रकलेच्या शिक्षकापेक्षा रोज भाकरी टाकणारी आजी पुढे असते.

कारण शेवटी परीक्षक गल्लीच आहे. एका काळ्या कुत्र्याचं चित्र झकास झालं होतं. डोळ्यांत पाणी, नाकावर चकाकी, सगळं जागच्या जागी. गल्लीतल्या आजोबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, ''हा काळू नव्हे. काळूच्या छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका आहे, आणि डावा कान मोडलाय.'' फोटोत मान खाली होती म्हणून ठिपका दिसत नव्हता. ठिपका आला, कान मोडला, आणि तिथं जमलेल्या पोरांनी लगेच ''काळ्याऽऽ'' म्हणून हाक मारली.

चित्र जरा गोड काढलं तर?

नको. फाटका कान फाटकाच राहू द्या. गोचिडांनी केस गेलेले असतील तर गेलेलेच दाखवा. पापण्या लांब, जीभ गुलाबी, गळ्यात लाल फीत असं करायला हात शिवशिवतात खरे, पण मग सगळी कुत्री एकाच आईची दिसायला लागतात. एक खूण तर कधीच बुजवायची नाही, ती म्हणजे कानाच्या टोकाची छोटी खाच. ती भांडणातली जखम नसते. नसबंदी झाली की भूल उतरायच्या आत कानाला ती खूण करतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडलं जात नाही. भिंतीसमोर उभं राहून कोणत्या गल्लीत किती कान खाचेचे आणि किती बिनखाचेचे हे कोणीही पाहू शकतं. काही जण चित्रांपेक्षा तेच बघायला येतात.

मोबाइलमधल्या अ‍ॅपने फोटोचं चित्र करून दिलं तर चालेल?

नाही. अ‍ॅप कान शिवून टाकतं.

फोटो कसा काढायचा?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उभ्याने वरून काढलेला फोटो. त्यात डोकं टोपल्याएवढं येतं आणि पाय गायब होतात. खाली बसा. उकिडवं बसवत नसेल तर पायरीवर बसा. मोबाइल कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला आला पाहिजे. अगदी जवळ नेऊ नका, जवळून नाक फुगतं. दोन पावलं मागे सरकून झूम करा. फ्लॅश बंदच. कुत्र्याच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, फ्लॅश पडला की डोळे हिरवे चमकतात आणि चित्रात भूत उतरतं.

उजेड सकाळचा, सावलीतला. तीन फोटो पुरतात : समोरून, थोडा तिरका, आणि उभं असताना पूर्ण अंगाचा. तिसरा चेहऱ्यासाठी लागत नाही, पण बांड्या-कबऱ्या कुत्र्यांत कोणता डाग कुठं सुरू होतो ते त्याच्यावरून कळतं. शेपटीही तिथंच दिसते. वेटोळी की सरळ, यावर गल्लीत वाद होतात.

कुत्रं जवळच येऊ देत नाही. काय करावं?

तुम्हीच जवळ जाऊ नका. एका कडेला, अंग थोडं वळवून बसा, डोळ्यांत डोळे घालू नका, आणि स्वतःशी काहीतरी करत राहा. शेंगा सोला. चिंध्या पिळा. कुत्र्याला तुमचा कंटाळा आला की ते वास घ्यायला येतं. खायला भाकरीचा तुकडा किंवा उकडलेलं अंडं चालेल. कंदी पेढे माणसांसाठी ठेवा, आणि चॉकलेट कधीच नको, कुत्र्याला ते विषारी असतं.

खाताना, झोपेत, आणि पिल्लांजवळ असलेल्या कुत्रीचा फोटो काढायला कोणीही जायचं नाही. पोरांनी एकट्याने तर नाहीच. चावऱ्या कुत्र्याचं चित्रही आम्ही लावतो, पण त्याचा फोटो त्याला ओळखणारा मोठा माणूसच काढतो.

एकाच कुत्र्याला तीन नावं आहेत. कोणतं लिहायचं?

तिन्ही. दूधवाल्याचा राजा, कॉलेजच्या पोरींची ब्राउनी आणि वाड्यातल्या काकूंचा गुंड्या हे एकच कुत्रं निघालं तेव्हापासून हा नियम आहे. प्रत्येकाला आपणच ते सांभाळतो असं वाटत असतं आणि ते बेणं तीन ठिकाणी जेवत असतं. फळीखाली नावांना जागा ठेवा. पिल्लं झाल्यावर शेरूची शेरी झाली, असं एक प्रकरणही भिंतीवर आहे. आधीचं नाव खोडू दिलं नाही.

फळ्या नकाशाप्रमाणे का लावता? सरळ ओळीत नीट दिसल्या असत्या.

सुरुवातीला हीच सूचना सगळ्यांची होती. पण कुत्र्याची ओळख त्याच्या हद्दीने होते. तुम्ही पाहिलं असेल, गिरणीपाशी राहणारं कुत्रं खालच्या आळीतल्या कुत्र्याच्या मागे जीव तोडून धावतं आणि गटाराच्या फरशीपाशी आलं की थांबतं. पुढं एक पाऊल नाही. तिथून भुंकणार, पण जाणार नाही. डोळ्याला काही दिसत नाही, पण रेघ तिथं असते. पोरं खडू घेऊन ही थांबायची जागा खूण करत फिरली. एका दुपारचं काम नव्हे ते, कारण सकाळची आणि रात्रीची रेघ वेगळी निघते. बाजार उठल्यावर तर हद्दी पार बदलतात.

त्या खडूच्या खुणा कागदावर घेतल्या आणि भिंतीवर निळ्या रेघेने काढल्या. पेठांच्या पालिकेच्या हद्दी आणि कुत्र्यांच्या हद्दी जुळत नाहीत, हे बघायला म्हातारी माणसं फार थांबतात. एके ठिकाणी कुत्र्यांची रेघ जिथून जाते तिथं पूर्वी वाड्याची भिंत होती, असं एकाने सांगितलं. खरं-खोटं त्या वाड्याला माहीत.

झोपायच्या जागा मात्र नकाशावर दाखवत नाही. वाईट हेतूने बघणारेही असतात.

कुत्र्याला स्वतःचं चित्र ओळखू येतं का?

नाही. आरशातलंही येत नाही, त्याचं जग वासाचं. रंगही त्याला निळे आणि पिवळे नीट दिसतात, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. भिंतीपाशी आलेलं कुत्रं आपल्या तोंडाकडे ढुंकून बघत नाही आणि तंगडी वर करून निघून जातं. म्हणून सगळ्यात खालची रांग कमरेच्या वर आहे.

रंग कोणते? पावसात टिकतात का?

शाळेचे पोस्टर कलर पहिल्या वळवात वाहून जातात. डिस्टेंपरही बाहेर टिकत नाही. आम्ही बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन पांढरा घेतो आणि त्यात स्टेनर मिसळून रंग बनवतो. बारीक कामाला ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक. एक सोय अशी की गावठी कुत्र्याचे बहुतेक रंग मातीचे आहेत. पिवळी माती, भाजलेली तांबूस माती, अंबर. दुकानात यलो ऑकर, बर्न्ट सायेना, रॉ अंबर म्हणून मागायचे. हे लोहाच्या ऑक्साइडचे रंग, उन्हाने सहसा उडत नाहीत. उडतात ते भडक गुलाबी आणि स्वस्त लाल, म्हणजे फीत आणि गोंडे. तेही नकोच म्हणायला आणखी एक कारण.

फळी पाण्याला टिकणाऱ्या प्लायची घ्या. पाणी समोरून कमी आणि कडेने जास्त शिरतं, म्हणून कडा घासून प्रायमरचे दोन हात कडांना आधी द्या, मग पुढून, आणि मागूनही. मागची बाजू कोरडी सोडली की फळी पोटात घेते. वर शेवटी बाहेरचं वॉर्निश.

भिंत पूर्वेची किंवा उत्तरेची, वर छज्जा असलेली मिळाली तर उत्तम. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून, डोंगरावरून तिरका मारतो, पश्चिमेच्या भिंतीला चार महिने वाळायला उसंत नसते. काम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत उरकायचं. ओल्या भिंतीला लोणा फुटतो आणि पापुद्रे निघतात, मग त्यात स्क्रूचे गट्टूही धरत नाहीत.

काळं कुत्रं काढायचं कसं? सारखा डांबराचा गोळा होतो.

काळी ट्यूब बाजूला ठेवा. कुत्र्याकडे उन्हात बघा. पाठीवर तो चक्क तपकिरी असतो. सावलीत बघा, निळसर. म्हणून गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून काळा बनवायचा, उन्हाच्या बाजूला तपकिरी जास्त, सावलीला निळा जास्त. मग नाकाचा काळा वेगळा, ओला. कानाच्या आतला वेगळा, धुळकट. पार्श्वभूमी फिकट घ्या, चुन्याच्या भिंतीसारखी, म्हणजे डोक्याची कड सुटते.

आणि डोळा. बुबुळ काळं नसतं, काकवीच्या रंगाचं असतं, आत काळी बाहुली. उजेडाचा पांढरा ठिपका एकच, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, आणि तो सगळ्यात शेवटी. लवकर दिला की माणूस त्याच्यावरच खूश होऊन बाकीचं सोडून देतो.

भिंतीची परवानगी लागते का?

लागते. मालकाला विचारल्याशिवाय भिंतीवर काही काढणं वा चिकटवणं हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खाली गुन्हा होतो. हेतू चांगला होता हे तिथं चालत नाही. खासगी भिंत असेल तर मालकाची सही असलेला साधा कागद घ्या, आणि भाडेकरूची नव्हे, मालकाची. वाड्याचे वारस सात असले तर सातही जणांना विचारा. नाहीतर चित्र लागतं आणि पुण्याहून एक पुतण्या उगवतो. सरकारी भिंत असेल तर पालिकेकडे लेखी अर्ज आणि पोच. तोंडी ''करा की'' म्हणणाऱ्याची बदली होते.

थेट भिंतीवर न रंगवता फळ्या वापरण्याचं अर्धं कारण हेच. मालकाला रंग द्यायचा असेल तर स्क्रू काढायचे, फळ्या उतरवायच्या, पुन्हा लावायच्या. ''काढता येईल'' हे ऐकलं की नाही म्हणणाराही हो म्हणतो.

आमच्या गल्लीत कुत्र्यांचा त्रास आहे आणि तुम्ही त्यांची चित्रं लावताय. हे लाड कशाला?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग रास्त आहे. रात्री दुचाकीमागे लागणारी टोळी, शाळेत जाणाऱ्या लहान पोराला धरलेलं कुत्रं, हे खोटं नाही. ज्याच्या नातवाला चावलंय त्याला चित्राचं कौतुक सांगायला आम्ही जात नाही.

पण ''कुत्री फार झालीत'' या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही. ''गिरणीजवळची तांबडी, कानाला खाच नाही, तिसऱ्यांदा पिल्लं, अंगावर जाते'' यावर करता येतं. पालिकेला अर्ज देताना आम्ही आता फळीचा फोटो जोडतो. कुत्रं कोणतं यावर मग वाद होत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्रं पकडलं तिथंच परत सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात तेच धरलं, मात्र रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री सोडायची नाहीत, आणि खायला घालायचं ते ठरवलेल्या जागीच, असंही सांगितलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री हलवायचा आदेश आला. म्हणून शाळेच्या आवारातल्या कुत्र्यांची फळी आम्ही घेत नाही, तिथं आपुलकी वाढवून ठेवली तर पोरांचेच हाल.

नुसती उचलून लांब सोडली तर काय होतं, हेही भिंतीवर दिसतं. एक कुत्रं गेलं की त्याच्या हद्दीत महिन्या-दोन महिन्यांत दुसरं येतं, बहुधा बिनखाचेचं.

आणि चित्र असो नसो, एवढं पाठ असू द्या : चावलं वा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. थेट सिव्हिलला जायचं, लस घ्यायची आणि दिलेल्या तारखांना उरलेले डोस पुरे करायचे. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ही पाटी आम्ही भिंतीच्या मधोमध, चित्रांएवढ्याच आकारात लावलीय.

आमचं कुत्रं गेलं. आता त्याचं चित्र काढता येईल का?

येईल, फोटो एक असला तरी. जुन्या घरांत नाट्यसंगीताच्या तबकड्या असतात, त्यांवर भोंग्यापुढं मान तिरकी करून बसलेलं कुत्रं आठवतंय? ते खरं कुत्रं होतं, निपर नावाचं. १८९५ मध्ये ते मेलं आणि फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने हे चित्र त्यानंतर काढलं. आधी त्यात फोनोग्राफ होता, ग्रामोफोन कंपनीने चित्र घेताना त्यावर ग्रामोफोन रंगवून घेतला. यंत्र बदललं, कुत्रं तसंच राहिलं.

भिंतीवर आधीपासून असलेलं कुत्रं गेलं तर फळी काढत नाही. नावाखाली साल लिहितो. त्या हद्दीत नवीन आलेल्याची फळी तिच्या शेजारी, थोडी खाली.

चित्र विकत मिळेल का? घरी लावायचंय.

भिंतीवरचं नाही. तुम्हीच दुसरं काढा, फळी आणि रंग आम्ही देतो. लोक पैसे देऊ लागले की देखण्या कुत्र्यांचीच चित्रं निघतील.

सांगलीत आमच्या पेठेत असं करायचंय. कुठून सुरुवात करू?

भिंतीपासून. आधी चित्रं काढून मग भिंत शोधणाऱ्यांच्या फळ्या माळ्यावर पडून राहतात. मग एकच गल्ली घ्या, अख्खी पेठ नको. त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला हाताशी धरा. कुत्री आणि माणसं दोन्ही त्याला ठाऊक असतात.

कृष्णेच्या काठच्या भागात करणार असाल तर २००५, २०१९ आणि २०२१ ची पाण्याची खूण त्या भिंतीवर कुठं होती ते शेजाऱ्यांना विचारा. खूण डोक्याच्या वर असेल तर फळ्या स्क्रूवरच ठेवा, स्क्रू गंज न धरणारे घ्या, आणि जुलै लागला की उतरवून वरच्या मजल्यावर ठेवायला एक घर आधीच ठरवा. पुरात कुत्री कोणत्या जिन्यावर आणि गच्चीवर चढतात हे मात्र नकाशावर जरूर दाखवा. आमच्याकडं साताऱ्यात ते नाही, तुमच्याकडं ते फार कामाचं आहे. बोटीतून खायला पोचवणाऱ्याला शोधत बसावं लागणार नाही.

आणि मांजरं?

मांजर कौलावरून जातं. गल्ली, पेठ, रेघ काही मानत नाही. त्यांचा नकाशा छपरांचा करावा लागेल आणि तेवढी उंच भिंत अजून कोणी दिलेली नाही. तुमच्याकडं असेल तर बोला.